मानेतली सुई आणि हृदयाचे ठोके

डिचोलीहून एका वाचकांनी विचारले आहे: वडील ६८ वर्षांचे, वजन ६२ किलो, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल चालू. उजव्या खांद्याचा स्नायूबंध तुटला आहे, दुर्बिणीतून शिवायचा आहे. त्यासाठी मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करणार असे सांगितले आहे. मागच्या वर्षी त्यांच्या काकांच्या छातीत बसवलेले, घातक लय शॉक देऊन मोडणारे यंत्र एका रात्रीत पुन्हा पुन्हा शॉक देत होते, तेव्हा मानेत डाव्या बाजूला इंजेक्शन दिल्यावर ते थांबले. ‘म्हणजे मानेतल्या सुईचा हृदयावर परिणाम होतो हे खरेच. मग बाबांच्या हृदयाला धोका नाही का?’

प्रश्न अगदी नेमका आहे. काकांना दिलेली सुई हृदयासाठीच होती, बाबांना देणार ती हातासाठी. पण मानेत या दोन जागांमध्ये अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, आणि औषध पातळ असते, ते पसरते. म्हणून हृदयावर काय होईल हे चार गोष्टींवर ठरते: कुठली नस, कुठली बाजू, किती मिलिलिटर, आणि रुग्ण त्या वेळी आडवा आहे की बसलेला. यातली चौथी गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही. बाबांच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

आधी मानेत काय काय आहे ते पाहू. हृदय ठोके स्वतःचे स्वतः पाडते, नसा फक्त वेग आणि जोर कमी-जास्त करतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, तरी ते चालते, आणि विश्रांतीतसुद्धा मिनिटाला ९० ते ११० ठोके पाडते. कारण वेग रोखून धरणारी व्हेगस नस तुटलेली असते. ही व्हेगस मानेतून कॅरोटिड धमनीला चिकटून खाली उतरते. वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांतून निघतात, वर चढून मानेच्या मुळाशी असलेल्या एका गाठीत येतात आणि तिथून हृदयाकडे जातात. या गाठीला स्टेलेट गँगलिऑन म्हणतात. साधारण ८० टक्के लोकांत मानेची शेवटची आणि छातीची पहिली अशा दोन गाठी जुळून ती झालेली असते. तिच्या पुढ्यात मेंदूला जाणारी व्हर्टिब्रल धमनी आणि खाली फुप्फुसाचे टोक. तिसरी गोष्ट कॅरोटिड धमनी दुभंगते तिथला फुगीर भाग, कॅरोटिड सायनस. रक्तदाब किती आहे हे तो मेंदूला सतत कळवत असतो. आणि चौथी फ्रेनिक नस, जी श्वासपटल हलवते. तिचा हृदयाशी थेट संबंध नाही, पण श्वास तोकडा पडला की ठोके वाढतातच.

आता काकांची गोष्ट. २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा व्हेंट्रिकल्समधून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, घातक लय सुरू झाली किंवा यंत्राला तितके शॉक द्यावे लागले, तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात. यात एक दुष्टचक्र असते. शॉक बसला की माणूस घाबरतो, दुखते, शरीरात ॲड्रेनलिनचा लोंढा येतो, त्याने आजारी स्नायू आणखी भडकतो, पुन्हा शॉक. हृदयाकडे जाणारा सिम्पथेटिक मारा काही तास बंद केला की हे चक्र तुटते. डावीच बाजू का, तर उजव्या बाजूच्या नसांचा जोर मुख्यतः ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडवर, म्हणजे ठोक्यांच्या वेगावर असतो, आणि डाव्या बाजूचा ठोका खाली पोचवणाऱ्या एव्ही नोडवर व व्हेंट्रिकल्सवर. भडका व्हेंट्रिकल्समध्ये असतो, म्हणून आधी डावी बाजू. ही विभागणी काटेकोर नसते, माणसागणिक थोडी सरमिसळ असते, त्यामुळे एखाद्याला डाव्या बाजूने पुरेसा फरक पडत नाही आणि उजवीचाही विचार करावा लागतो.

कल्पना जुनी आहे. बुखारेस्टमध्ये शल्यतज्ज्ञ योनेस्कू यांनी १९१६ मध्ये हृदयशूळासाठी मानेतल्या सिम्पथेटिक गाठी काढल्या होत्या, आणि १९७१ मध्ये जन्मजात लाँग क्यूटी (घातक लय आणू शकणारा हृदयाच्या विद्युत-क्रियेचा आजार) असलेल्या रुग्णाची डावी स्टेलेट गाठ शस्त्रक्रियेने काढल्याचे प्रसिद्ध झाले. पण डॉक्टरांचे मत फिरवणारी तुलना २००० सालची आहे. इलेक्ट्रिकल स्टॉर्मच्या ४९ रुग्णांपैकी ज्यांना सिम्पथेटिक रोखणारे उपचार दिले, म्हणजे डावा स्टेलेट ब्लॉक (त्या गाठीत बधिर करणारी सुई) किंवा बीटा-ब्लॉकर (ॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारे औषध, मेटोप्रोलॉल त्यातलेच), त्यांच्यात पहिल्या आठवड्यात २२ टक्के दगावले. त्या काळच्या नेहमीच्या लय-औषधांवर ठेवलेल्यांत ८२ टक्के. गट लहान होते आणि कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, हे लक्षात घेऊनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

करतात कसे? रुग्ण आडवा, मान किंचित मागे. जुनी पद्धत अशी: कंठाच्या खालच्या कड्याच्या पातळीवर बोटाने कॅरोटिड बाहेर सरकवायची, मानेच्या सहाव्या मणक्याचा उंचवटा चाचपायचा, सुई त्याला टेकवून जरा मागे घ्यायची आणि औषध सोडायचे. गाठ तिथून खाली असते, औषध लाँगस कॉली स्नायूच्या पुढच्या पडद्याखालून ओघळत तिच्यापर्यंत जाते. आता हे सोनोग्राफीखाली करणेच योग्य, कारण धमनी, थायरॉइड, अन्ननलिका सगळे समोर दिसते. औषध ५ ते १० मिलिलिटर, बहुधा बधिर करणारे ०.२५ ते ०.५ टक्के ब्युपिव्हकेन किंवा त्याच ताकदीच्या आसपासचे रोपिव्हकेन. आधी सिरिंज ओढून पाहायचे, मग अर्धा ते एक मिलिलिटर द्यायचे, थांबायचे, रुग्णाशी बोलायचे, मग बाकीचे थोडे थोडे. ही घाई न करण्याची सवय जीव वाचवते. व्हर्टिब्रल धमनीत गेलेले अर्धा मिलिलिटरसुद्धा सरळ मेंदूत पोचते आणि त्याच क्षणी झटके येऊ शकतात. इथे डोस मर्यादेत होता या बचावाला अर्थ नसतो.

थोड्या वेळात त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, डोळा लाल, नाक चोंदते. याला हॉर्नर म्हणतात. घरचे घाबरून पक्षाघात झाला का विचारतात. नाही, औषध मानेच्या सिम्पथेटिक साखळीपर्यंत पोचल्याची ती खूण आहे आणि काही तासांत उतरते. मात्र पापणी उतरली म्हणजे हृदयाच्या नसाही बंद झाल्या असे धरू नये. डोळ्याकडे जाणारे धागे वरच्या बाजूला सहज सापडतात, हृदयाचे खाली राहू शकतात. हात एक-दोन अंश गरम झाला तर खात्री वाढते, आणि खरी परीक्षा मॉनिटरवर: लय शांत झाली का.

एका बाजूच्या स्टेलेट ब्लॉकने रक्तदाब सहसा कोसळत नाही. दुसरी बाजू शाबूत असते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन येतच असते. उजव्या बाजूने ठोके थोडे कमी होऊ शकतात. दोन्ही बाजू एकाच दिवशी करत नाहीत, कारण औषध स्वरयंत्राच्या किंवा श्वासपटलाच्या नसेवर गेले तर एका बाजूचे निभते, दोन्हींचे नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मानेत खोल रक्त साचून श्वासनलिका दाबली जाण्याचा धोका असतो, तोही काही तासांनी, सगळे आलबेल वाटत असताना. स्टॉर्ममध्ये तो धोका पत्करावा लागतो, पण मग रुग्णाच्या मानेवर रात्रभर नजर हवी.

हा ब्लॉक काही तासांचाच. त्या उसंतीत अॅब्लेशन (लय बिघडवणारी जागा नळीतून जाळणे), औषधांची फेरमांडणी किंवा नळी ठेवून सतत औषध देणे, यांतले काय करायचे ते ठरवायचे असते. काकांसाठी म्हणून एवढे लक्षात ठेवा: यंत्राने एकच शॉक दिला आणि बरे वाटत असेल तर त्याच दिवशी हृदयतज्ज्ञांना कळवा. २४ तासांत दोन शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही घेरी, दम, छातीत दुखणे राहिले, तर १०८. वाळपई किंवा काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतचा रस्ता लांब आहे, तिसऱ्या शॉकची वाट पाहू नका.

आता बाबा. त्यांचा ब्लॉक इंटरस्केलिन, म्हणजे मानेच्या दोन स्केलिन स्नायूंच्या फटीत, हाताकडे जाणाऱ्या पाचव्या-सहाव्या मुळांपाशी. लक्ष्य हात, पण औषध पुढे सरकले तर स्टेलेटलाही भिजवते. म्हणून खांद्याच्या ब्लॉकनंतरही पापणी उतरलेली दिसते. हे अनपेक्षित नाही आणि चूकही नाही. बाबांचा खांदा उजवा, म्हणजे सायनस नोडची बाजू, तेव्हा ठोके थोडे मंदावण्याकडे कल राहू शकतो. एवढ्यावर कोणी कोसळत नाही.

कोसळतात ते दुसऱ्या कारणाने. खांद्याची दुर्बीण शस्त्रक्रिया पुष्कळदा रुग्णाला आरामखुर्चीसारखे बसवून करतात. जागेपणी, ब्लॉकखाली, अशा बसलेल्या रुग्णांत एकाएकी ठोके आणि रक्तदाब पडण्याचे प्रमाण निरनिराळ्या नोंदींत साधारण १३ ते २८ टक्के आहे. वेळही ठरावीक: ब्लॉक दिल्यानंतर सुमारे ४० ते ८० मिनिटांनी. ठोके पाच मिनिटांत तीसने खाली येतात किंवा ५० च्या आत जातात, वरचा रक्तदाब ९० च्या खाली. रुग्ण आधी जांभई देतो, मळमळ सांगतो, कपाळावर घाम येतो, चेहरा पांढरा पडतो.

कारण असे सांगितले जाते. बसल्यामुळे पायांत रक्त साचते, हृदयात परतणारे रक्त कमी होते. त्याच वेळी ॲड्रेनलिन शरीरात असते, काही भीतीचे, काही ब्लॉकच्या औषधात मिसळलेले (दोन लाखांत एक, म्हणजे मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम), काही सांधा धुण्याच्या सलाईनमधले, कारण रक्तस्राव कमी राहावा म्हणून शल्यतज्ज्ञ त्या पिशव्यांत ते घालतात. अर्धवट भरलेले व्हेंट्रिकल जोराने आवळले जाते, त्याच्या भिंतीतल्या संवेदकांना वाटते की दाब फार वाढला, आणि ते व्हेगसमार्फत उलटा हुकूम देतात: हळू चाल, नळ्या सैल सोड. जिथे वेग वाढायला हवा तिथे नेमका तो उतरतो. याला बेझोल्ड-यारिश प्रतिक्षेप म्हणतात. हे एकच कारण सगळ्या प्रसंगांना पुरते असे मानायला मी तयार नाही, पण उपचार त्यावरूनच ठरतात.

बाबांसाठी दिलासा असा की ते मेटोप्रोलॉल घेतात. १९९८ च्या एका चाचणीत याच शस्त्रक्रियेच्या, याच बैठकीतल्या, याच ब्लॉकच्या रुग्णांना शिरेतून मेटोप्रोलॉल दिल्यावर हे प्रसंग ५ टक्क्यांवर आले. नुसते सलाईन दिलेल्या गटात २८ टक्के होते. व्हेगसला रोखणाऱ्या ग्लायकोपायरोलेटने मात्र २२ टक्केच, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. ठोके मंद करणारे औषध ठोके पडण्यापासून वाचवते हे ऐकायला उलटे वाटते, पण रिकाम्या हृदयाचे जोराने आवळणेच ते थांबवते. तेव्हा मेटोप्रोलॉलची सकाळची गोळी दोन घोट पाण्याबरोबर द्या, चुकवू नका. अचानक बंद केली तर नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. टेल्मिसार्टनचे वेगळे: तिच्यामुळे भुलीत दाब हट्टाने खाली राहतो, म्हणून पुष्कळ भूलतज्ज्ञ आदल्या दिवसापासून ती थांबवायला सांगतात. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा, मनाने ठरवू नका.

दुसरी तुमच्या हातातली गोष्ट पाणी. उपाशी ठेवायचे म्हणून रात्रीपासून घोटभर पाणीही न देणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. गोव्याच्या उकाड्यात, तेही एप्रिल-मेमध्ये, ६८ वर्षांचा माणूस असा १२ तास कोरडा राहिला की रिकाम्या हृदयाची तयारी घरीच होते. सहसा साधे पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते. पेज कितीही पातळ असली तरी ते अन्न आहे, तिला सहा तास. दूध घातलेला चहाही त्याच हिशोबात.

थिएटरमध्ये काय व्हायला हवे? बसवण्यापूर्वी अर्धा ते एक लिटर सलाईन, हृदय तेवढे सोसत असेल तर, पायांना घट्ट पट्ट्या, आणि हळूहळू बसवणे. रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या दंडावर, पिंढरीवर नको. दंडावरचा आकडा मेंदूचा नसतो हे तिथल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे. दर दहा सेंटिमीटर उंचीला दाब साडेसात मिलिमीटरने घटतो. कान दंडापेक्षा ३० सेंटिमीटर वर असेल तर दंडावर सरासरी दाब ७५ दिसताना मेंदूच्या पायथ्याशी तो ५२ च्या आसपास असतो. पिंढरीवर पट्टा असला तर फसवणूक याच्या दुप्पट-तिप्पट. पूर्ण भूल देऊन बसवलेल्या रुग्णात हे जास्त धोक्याचे, कारण त्याला घेरी आली हे तो सांगूच शकत नाही.

दाब पडलाच तर पहिले औषध म्हणजे टेबल. आडवे करा, पाय वर करा, सलाईन वाढवा. त्याबरोबर नाडी वाढवणारे ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम, दाब चढवणारे मेफेन्टरमिन किंवा एफेड्रिन ६ मिलिग्रॅम. नाडी मंद असताना नुसता दाब चढवणाऱ्या एकट्या फिनाइलएफ्रिनवर विसंबू नये, तो नाडी आणखी उतरवतो. यानेही भागले नाही तर ॲड्रेनलिन १० मायक्रोग्रॅमपासून, आणि तेही लगेच. थोडे थांबून पाहू म्हणण्यात गेलेला एकेक मिनिट महाग पडतो.

श्वासाचेही सांगायला हवे. २० मिलिलिटर औषध दिले तर त्या बाजूचे श्वासपटल जवळजवळ प्रत्येकाचे काही तास लुळे पडते आणि फुप्फुसाची क्षमता पाव ते एक-तृतीयांश घटते. धडधाकट माणसाला कळतही नाही. दमेकरी, खूप जाड किंवा दुसऱ्या बाजूचे श्वासपटल आधीच दुबळे असलेल्यांना कळते. सोनोग्राफीखाली ५ ते १० मिलिलिटरमध्ये काम होते आणि हा त्रास कमी होऊ शकतो. कमी मिलिलिटर म्हणजे स्टेलेटकडे ओघळणेही कमी. बाबांना दम्याचा त्रास असेल तर हे आधीच सांगा.

मानेतला तिसरा प्रकार, कॅरोटिड धमनी साफ करताना देतात तो सर्व्हायकल प्लेक्सस ब्लॉक, तुमच्या प्रश्नात नाही. तरी एका कारणाने उल्लेख करतो: तिथे हृदय दोन्ही दिशांना जाऊ शकते. शल्यतज्ज्ञांचा हात कॅरोटिड सायनसला लागला तर नाडी झपकन पडते. औषधाने सायनसची नस बधिर झाली तर मेंदूला दाबाची बातमीच पोचत नाही, आणि नाडी-दाब चढतात. मान एकच, पण बंद केलेली तार कुठली यावर उत्तर उलटे होते.

आता जे क्वचित घडते पण घडले तर जिवावर बेतते ते. बधिर करणारे औषधच रक्तात जास्त गेले तर हृदयाला विषारी ठरते. ब्युपिव्हकेन हृदयाच्या सोडियम मार्गांत पटकन शिरते आणि सावकाश सुटते, म्हणून त्याने थांबलेले हृदय नेहमीच्या उपायांना दाद देत नाही. मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम धरतात. बाबांच्या ६२ किलोंना १२४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचे २४ मिलिलिटर. १० मिलिलिटर दिले तर मर्यादेच्या निम्म्याखालीच. रोपिव्हकेनची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आणि ते हृदयाला तुलनेने सौम्य. खुणा: तोंडात धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात घणघण, बडबड किंवा अस्वस्थता, मग झटके, मग ईसीजीतल्या लहरी रुंद होणे आणि लय बिघडणे. बाबांना आधीच सांगून ठेवा की चव बदलली किंवा कानात आवाज आला तर गप्प बसू नका, बोला.

यावर उतारा २० टक्के लिपिड इमल्शन, तीच दुधासारखी पांढरी बाटली जी अन्न म्हणून शिरेतून देतात. माणसावर तिचा पहिला यशस्वी वापर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो रुग्ण इंटरस्केलिन ब्लॉकचाच होता. किलोला दीड मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे पाव मिलिलिटर. बाबांच्या वजनाला ९३ मिलिलिटर आणि मग मिनिटाला साधारण १५. एकूण किलोला १२ मिलिलिटरच्या पुढे नाही. ॲड्रेनलिन इथे किलोला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. लय सुधारण्यासाठी लिग्नोकेन तर अजिबात नाही, ते त्याच जातीचे औषध आहे. भुलीचे औषध प्रोपोफॉलही पांढरे दिसते पण त्याचा उतारा होत नाही. ही बाटली कोठारात असून उपयोग नाही, थिएटरमध्ये हवी. म्हापशापासून मडगावपर्यंत कुठल्याही लहान-मोठ्या रुग्णालयात जा आणि भूलतज्ज्ञांना दोनच प्रश्न विचारा: ब्लॉक सोनोग्राफीखाली देणार का, आणि लिपिडची बाटली थिएटरमध्ये आहे का. असे विचारल्याचा चांगल्या भूलतज्ज्ञाला राग येत नाही.

घरी परतल्यावर हात १० ते १८ तास बधिर राहू शकतो. तो झोळीत ठेवा, गरम भांड्यापासून जपा. आवाज बसलेला किंवा पापणी उतरलेली असेल तर सकाळपर्यंत वाट पाहायला हरकत नाही. आवाज बसला असेल तर पाणीही बसवून, घोट घोट द्या. दम वाढत असेल, मानेला सूज येत असेल किंवा घेरी येत असेल तर वाट पाहू नका. पहिली रात्र दोन-तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपवा, श्वासपटलाला ते सोपे जाते. आणि वेदनेची गोळी ब्लॉक उतरण्याआधी द्या. बधिरता बहुधा मध्यरात्रीनंतर, तीही एकदम उतरते. तेव्हा उठणारी कळ नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढवते, आणि बाबांची टेल्मिसार्टन त्या दिवशी बंद असेल तर दाब चढायला आणखी वाव मिळतो. ती पुन्हा कधी सुरू करायची हे घरी निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या.